वाचकांचे प्रश्न : अंडं हलवावं की नाही?

प्रश्न : गच्चीवरच्या खडीत टिटवीने चार अंडी घातली आहेत. मे महिन्याच्या उन्हात ती भाजून निघतील. सावलीत सरकवू का? (दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : नको. नव्या जागी ती बसेलच याची खात्री नाही आणि उन्हाचा बंदोबस्त तिच्याकडे आहे. नर-मादी पाळीपाळीने बसतात, भर दुपारी अंड्यांवर उभं राहून सावली धरतात, पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. तेव्हा तुम्ही पाणी ठेवा : पसरट थाळीत दोन बोटं पाणी, मध्ये दगड, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. वाळवणं यंदा दुसरीकडे घाला. माणूस दिसला की पक्षी उठतो आणि उघडं पडलेलं अंडं लवकर तापतं. 28 ते 30 दिवसांनी पिल्लं निघतात व लगेच धावू लागतात, पण महिनाभर त्यांना उडता येत नाही. पन्हळीच्या तोंडाला आधीच जाळी बसवा; पिल्लं तिथूनच खाली जातात.

प्रश्न : विश्वामित्रीच्या काठी माती खणताना मगरीची अंडी निघाली. कोंबडीच्या अंड्यांच्या उबवणी यंत्रात ठेवली तर पिल्लं निघतील का? (कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : ठेवू नका. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. खणणं थांबवा, तीच माती हलक्या हाताने परत लोटा आणि वनविभागाला कळवा.

शिवाय ते यंत्र अंडी फिरवतं. कोंबडीही चोचीने अंडी उलटत असते, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. मगरीच्या अंड्यात नेमकं उलटं : घातल्यापासून साधारण दिवसाभरात गर्भ वरच्या बाजूला चिकटतो आणि तिथे कवचावर पांढरा पट्टा उमटतो. फळलेल्या अंड्याची हीच खूण. नंतर अंडं उलटलं तर गर्भ दगावतो. म्हणून जाणकार उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात.

दुसरी अडचण तापमानाची. कोंबडीचं यंत्र 37.5 अंशांवर चालतं. मगरीला ते फार होतं. तिच्या पिल्लांचं लिंगही उबेवर ठरतं : सतत 28 ते 31 अंश राहिलं तर सगळ्या माद्या, 32.5 च्या आसपास नर. मादी अंड्यांवर बसत नाही. हातभर खोल खड्ड्यात पंचवीस-तीस अंडी घालून, माती लोटून ती जवळपास राखण करते. दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्यातूनच ओरडू लागली की ती खड्डा उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. ज्या जबड्याला आपण घाबरतो तोच पिल्लांचा पाळणा! काठावर मगर ठाण मांडून असेल तर जवळ जाऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात कोंबड्या पातळ कवचाची अंडी देतात. का? (वाघोडिया रोड, बडोदे)

उत्तर : कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात, त्यातला बराच काळ रात्रीचा. उकाड्यात कोंबडी धापा टाकते, त्यातून कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात ती खातेही कमी. गार पाणी द्या आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. बारीक पूड लवकर विरघळते, चुरा रात्रभर पुरतो.