‘आलो’ की ‘आले’?

“मॅडम, आमच्याकडं पोरीबी ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.” माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या कोल्हापूरकडच्या एका आईंनी समोर बसल्या बसल्या हेच सांगितलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्यात शिकणारं त्यांचं एकोणीस वर्षांचं लेकरू दिवाळीत घरी आलं आणि करंज्या तळताना म्हणालं, “आई, मी ‘आलो’ म्हणतो ते गावच्या सवयीनं नाही. मी मुलगाच आहे.”

आईंचे प्रश्न पालक नेहमी विचारतात तेच होते. कुणाच्या नादानं झालं? औषध आहे का? आणि आता हाक काय मारायची?

पहिल्या दोन प्रश्नांना फार वेळ लागला नाही. हा नाद नाही आणि आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी असणं, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणं, मानसिक आजारांत धरलेलं नाही. ‘सुधारून देतो’ म्हणणाऱ्याकडं नेऊ नका, एवढं मात्र मी दोनदा बजावलं. “पण ऑपरेशन झाल्याशिवाय मुलगा कसं म्हणायचं?” त्यावर २०१४ चा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल सांगितला: आपली लिंगओळख ज्यानं त्यानं स्वतः ठरवायची, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. मग त्यांनी हळूच विचारलं, “म्हणजे याला पोरी आवडतात?” ते वेगळं, म्हटलं. आपण कोण आहोत हा लिंगभाव. कोण आवडतं हा लैंगिक कल.

अडलं ते हाकेपाशी. मराठीत सर्वनाम टाळलं तरी क्रियापद चुगली करतं. ‘जेवलीस का’ या दोन शब्दांतच सगळं आलं. मी तोडगा काढला: ‘जेवण झालं का’ विचारा, ‘लेकरू’ म्हणा. स्वतःवर जरा खूशच होते.

पुढच्या वेळी तो स्वतः आला. “लेकरू आलं, लेकरू गेलं! मांजराचं पिल्लू झाल्यासारखं वाटतंय. मी ‘तो’ आहे, सांगितलंय ना?” खरं होतं. काहींना अशी आडवळणाची भाषाच हवी असते, पण त्याला काय हवं ते मी विचारलंच नव्हतं. वर सुरुवातीचा फॉर्म भरताना ‘मुलगी’ माझ्याच हातानं लिहिलं होतं. ते त्याच्यासमोर खोडलं.

आईंना म्हटलं, जीभ चुकणारच. चुकली की तिथंच शब्द बदला आणि पुढं बोला. रडत माफी मागत बसलात, तर त्यालाच तुमची समजूत काढावी लागते. आणि बाकी घराला कधी सांगायचं, ते त्याच्या हातात ठेवा. आजोबांसमोर अजून ‘ती’च चालू दे, असं त्यानंच सांगितलं होतं.

मध्यंतरी भाच्याची लग्नपत्रिका छापायची होती. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ खाली पोरांची नावं, प्रत्येकामागं चि. किंवा कु. आईंनी त्याला फोन केला. “नुसतं टोपणनाव घाल,” तो म्हणाला. प्रूफ बघताना भावानं विचारलं, “इथं कु. राहिलंय का गं?”

“राहू दे,” त्या म्हणाल्या.