कॅनडात युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत काम: सोलापूरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सोलापूरच्या कॉलेजात आठ वर्षं लायब्ररी असिस्टंट, मुक्त विद्यापीठातून बी.लिब. (लायब्ररीची पदवी), मिस्टरांना टोरांटोजवळ नोकरी, तुम्हाला ओपन वर्क परमिट (कुठेही नोकरी करता येईल असा परवाना) मिळणार आणि विचारताय की तिकडे गेल्यावर आधी मास्टर्सला ॲडमिशन घेऊ का. मी म्हणेन लगेच नको. आधी लायब्ररीत मिळेल त्या कामाला लागून आत शिरा, मग शिका, कारण इथे कामाचं खरं ट्रेनिंग आत गेल्यावरच मिळतं.

इथे लायब्ररियन वेगळा आणि सपोर्ट स्टाफ वेगळा. लायब्ररियनला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली मास्टर्स मागतात, आपली एम.लिब. त्यात थेट धरत नाहीत. त्याखाली लायब्ररी टेक्निशियन, त्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा असतो, सेनेका, मोहॉक वगैरे कॉलेजांत (आत्ता प्रवेश चालू आहेत का ते बघून घ्या). त्याखाली असिस्टंट, क्लार्क. सीनियर झालात म्हणून आपोआप लायब्ररियन होत नाही, हे मला पचायला वर्ष गेलं.

आता महत्त्वाचं, हे कोणी सांगत नाही. इमिग्रेशनच्या यादीत टेक्निशियनचा कोड ५२१०० आणि असिस्टंट-क्लार्कचा १४३००. कोडमधला डावीकडून दुसरा अंक म्हणजे कामाची पातळी (टेक्निशियनची २, असिस्टंटची ४), आणि एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआर (कायम राहण्याचा हक्क) मिळवायच्या मुख्य वाटेला, ० ते ३ च चालते. म्हणजे काउंटरवर दोन वर्षं असिस्टंट म्हणून राबलात तरी एक्स्प्रेस एंट्रीत तो अनुभव मोजत नाहीत. अर्थात पीआर मिस्टरांच्या नोकरीवर होणार असेल तर तुम्हाला टेन्शन नाही, मग असिस्टंट म्हणून बिनधास्त लागा.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूची गंमत सांगते. त्यांनी विचारलं, चिडलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही कसं हाताळलंत, एक प्रसंग सांगा. मी आपल्या ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथन यांचे पाच नियम धडाधड म्हणून दाखवले 😄 त्यांना थिअरी नको असते हो, त्या दिवशी काय झालं, तुम्ही काय केलंत, शेवट काय झाला एवढंच हवं असतं. असे सहा-सात प्रसंग आत्ताच वहीत लिहून ठेवा, दंडावरून झालेली भांडणं, हरवलेलं पुस्तक, परीक्षेच्या आदल्या दिवशीची गर्दी, आपल्याकडे काय कमी असतात का!

मग पुस्तकं लावायची टेस्ट. आपण ड्युईवाले, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकाला आकडे देणारे, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे झोपेतही सांगू, पण इथल्या बहुतेक युनिव्हर्सिटींत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची अक्षरं-आकड्यांची पद्धत असते. त्यात अक्षरानंतरचा आकडा पूर्ण धरायचा, म्हणजे क्यूए ८ आधी आणि क्यूए ७६ नंतर. पण टिंबानंतर दशांश, म्हणून ७६.७३ आधी, ७६.९ नंतर, आणि पुढचं लेखकाचं चिन्हही दशांशातच, सी ३५ हे सी ४ च्या आधी. मी तिथेच घसरले. रोज दहा मिनिटं कागदाच्या चिठ्ठ्या करून लावत बसा, आठवड्यात हात बसतो.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर सोल किंवा कोहा ही आपल्याकडची लायब्ररी सॉफ्टवेअर वापरली असतील तर तसं बायोडेटात स्पष्ट लिहा. इथे ऑन्टारिओतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटींनी मिळून अल्मा नावाचं सॉफ्टवेअर घेतलंय, ओम्नी नावाने एकत्र चालतं. बटणं वेगळी पण इश्यू, रिटर्न, होल्ड (पुस्तक राखून ठेवणं), दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवणं, सगळं तेच. लागलात की अल्माचं ट्रेनिंग, अपंग वाचकांना कशी सेवा द्यायची त्याचं (हे ऑन्टारिओत कायद्यानेच सक्तीचं आहे) आणि सेफ्टीचं, असं पहिल्या दिवसांतच बसवून करून घेतात. पुढचे कोर्स मात्र मागितले तरच मिळतात. मी तीन वर्षं गप्प बसले, वाटायचं साहेब स्वतःहून सांगतील. एकदा कॅटलॉगिंग (पुस्तकांच्या नोंदी करणं) शिकायचंय म्हणून सुपरवायझरला नुसतं विचारलं तर फी ऑफिसने भरली आणि वर आठवड्याचे दोन तासही सोडले. युनियनचं ॲग्रीमेंट मागून वाचा, शिक्षणाच्या सवलती त्यातच असतात.

आणि मराठी विसरू नका. मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत करतात, ळ ला एल खाली टिंब, दीर्घ स्वरावर आडवी रेघ, असे नियम ठरलेले आहेत. आमच्याकडे मराठी पुस्तकांची दोन खोकी कोणी वाचणारं नाही म्हणून पडून होती, ती माझ्याकडे आली आणि तिथून माझं कॅटलॉगिंगचं काम सुरू झालं.

सुरुवातीला टेंपररी, संध्याकाळची शिफ्ट, फक्त शेल्व्हिंग (पुस्तकं जागेवर लावणं) असलं काही मिळालं तरी घ्या, कारण बऱ्याच जागा आधी आतल्या लोकांसाठी निघतात.

निघण्याआधी कॉलेजकडून अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या, त्यात प्रत्येक काम वेगळं लिहिलेलं हवं आणि आठवड्याचे तास हवेतच. माझ्या पत्रात तास नव्हते, परत मागवलं तोवर आमचे सर रिटायर होऊन गावी गेले होते आणि नवीन प्राचार्य मला ओळखतच नव्हते.