पाखराच्या पोटात औषध जातं कुठून?

प्रश्न : मिलीबगसाठी (पिठ्या ढेकणासाठी) द्राक्षबाग फवारली. दुसऱ्या दिवशी औषध कालवायच्या ड्रमजवळ सहा साळुंक्या मरून पडलेल्या दिसल्या, बागेत मात्र एकही नाही. फवारा अंगावर उडाला असेल का? (एक बागायतदार, निफाड)

उत्तर : साळुंक्या ड्रमजवळच पडल्या, यावरून संशय ड्रमखालच्या डबक्यावर जातो. पानावर औषधाचा पातळ थर बसतो. ड्रमखाली मात्र डब्यातलं मूळ औषध सांडतं आणि ब्लोअर (फवारणी यंत्र) धुतलेलं पाणीही तिथंच सोडलं जातं. लिटरला 1 मिली असं प्रमाण असेल, तर डब्यातून सांडलेला थेंब टाकीतल्या पाण्यापेक्षा हजारपट तीव्र असतो. सकाळी त्याच डबक्यात साळुंक्या पाणी पितात, पंख भिजवतात.

मेलेल्या पाखराचे पंजे मुठीसारखे आवळलेले आणि चोचीला लाळ असेल, तर ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातल्या औषधाचा संशय धरावा. ही औषधं नसांमधला कोलिनएस्टरेज हा घटक बंद पाडतात आणि श्वास अडकून पाखरू मरतं. खात्री मात्र शवविच्छेदनानंतरच होते.

औषध कालवायची जागा विहीर, शेततळं आणि नाल्यापासून लांब ठेवा. ड्रमखाली पसरट घमेल्यात कोरडी माती घाला. औषध सांडलं तर पाणी ओतून धुऊ नका, कारण त्यानं डबकं वाढतं. वर कोरडी माती टाकून ती खरवडून गोळा करा. रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी घ्या, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा आणि ते टाकीत ओता. असं तीनदा करा. मग डब्याला भोकं पाडा, म्हणजे घरात कुणी तो वापरणार नाही. ब्लोअरचं धुणं त्याच बागेच्या ओळींवर फवारून संपवा. फवारणीच्या दिवशी दूरच्या बांधावर स्वच्छ पाण्याचं पसरट मातीचं भांडंही ठेवा.

नाल्याबद्दल आग्रह आहे तो गोदावरीमुळे. या भागातले नाले तिला मिळतात आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलेलं महाराष्ट्राचं पहिलं पाणथळ. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही औषधं पाण्यातले किडे आणि मासे फार थोड्या मात्रेत मारतात. मग पाखरू थेट विषानं मरत नाही, त्याचं खाणं संपतं.

प्रश्न : मका पेरल्यावर मोर आणि तितर रंगीत बी टिपतात. धोका आहे का? (येवला)

उत्तर : आहे. बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरणीआधी बियाला चोळलेलं औषध दाण्यावरच असतं. पाखरं पचनासाठी खडेही गिळतात आणि दाणेदार औषध त्यांना खड्यासारखंच दिसतं. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर 2020 च्या अखेरपासून बंदी आहे. जुनी पिशवी घरात असेल तर वापरू नका. बी सर्वात जास्त सांडतं ते बांधाजवळ, ट्रॅक्टर वळताना. पेरणी यंत्र उचलण्याआधी बियाण्याचा पुरवठा बंद करा, सांडलेले दाणे खुरप्यानं मातीआड करा. उरलेलं बी कोंबड्यांना मुळीच घालू नका.

प्रश्न : उंदरांसाठी आमिष ठेवल्यावर बांधावरचा पिंगळा दिसेनासा झाला. (दिंडोरी)

उत्तर : ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर काही दिवस जगतो, सुस्तावतो आणि सहज पकडला जातो. औषध त्याच्या यकृतात राहतं, तिथून पिंगळ्यात जातं. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदीरनाशकात हा धोका कमी, पण उघड्यावर पडलेलं आमिष तितर-कबुतरांना मारतं. म्हणून संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी उकरलेली दिसतील तेवढीच चालू समजा. कागदाच्या पुडीत 10 ग्रॅम आमिष बिळात खोल सरकवून तोंड चिखलानं लिंपा. मेलेले उंदीर रोज सकाळी उचलून खोल पुरा. पिंगळा परत यावा म्हणून इंग्रजी टी आकाराचे मचाण लावा. तोही उंदीर खातो.

प्रश्न : विषबाधा झालेलं पाखरू जिवंत सापडलं तर? (पिंपळगाव)

उत्तर : हातमोजे घालून उचला आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, फडक्यावर, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाला 1926 वर कळवा. औषधाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो सोबत द्या, कारण उतारा त्यावरून ठरतो.