हिरव्या तलावात मोरचूद टाकायचं का?

प्रश्न: आमच्या गावतलावाचं पाणी चैत्र लागला की हिरवंगार होतं, काठाला पोपटी रंग सांडल्यासारखी साय धरते. परवा पहाटे मासे मरून वर आले, लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. आता मोरचूद टाकून पाणी साफ करायचं चाललंय. टाकावं का?

उत्तर: नका टाकू दादा, आधी ती साय काय आहे ते बघा. हातमोजे घालून काचेच्या बरणीत ते पाणी भरा आणि न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते बहुतेक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. त्यांच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात म्हणून ते वर येतात. काडीने उचलल्यावर लांब धागे आले तर ते साधं शेवाळ.

मासे मरायला विषच लागतं असं नाही. दिवसा हे जिवाणू ऊन खाऊन ऑक्सिजन सोडतात पण रात्री ते, मासे, गाळातले जिवाणू सगळेच तो वापरतात, त्यामुळे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. माशांनी तोंड वर काढून गिळल्यासारखं केलं होतं का, ते पहाटे तलावावर जाणाऱ्यांना विचारा. मोरचुदाने सगळी साय एकदम मेली की ती कुजवायला जिवाणूंना अजून ऑक्सिजन लागणार, उरलेले मासेही जाणार. शिवाय काही जातींच्या पेशीत मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष असतं, पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं आणि पाणी उकळूनही जात नाही. अमेरिकेत टोलेडो शहरात २०१४ मध्ये याच विषामुळे सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं होतं. म्हणून साय आहे तोवर गुरं त्या काठाला नेऊ नका, पोरांना पोहू देऊ नका.

आणि सगळेच जिवाणू वैरी नाहीत हो. चांगल्या तलावाच्या एका मिलिलिटर पाण्यातसुद्धा १० लाखांच्या आसपास जिवाणू असतात. पडलेला पालापाचोळा तेच कुजवतात, त्यांना एकपेशीय जीव खातात, त्यांना पाणपिसवा नावाचे पाण्यातले बारीक जीव, आणि पाणपिसवांवर माशांची पिल्लं वाढतात. सांडपाण्यातला माशांना जाळणारा अमोनियासुद्धा जिवाणूच आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात आणि तळच्या गाळात, जिथे ऑक्सिजन नाही तिथे, दुसरे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात.

फॉस्फरसला मात्र अशी हवेत जायची वाटच नाही, तो गाळात साठत राहतो. कॅनडात १९७३ मध्ये तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने प्रयोगासाठी राखलेल्या २२६ नंबरच्या तळ्यात मधोमध पडदा लावला, कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे टाकला, फॉस्फरस फक्त एकीकडे, आणि तीच बाजू हिरवी झाली. तुमच्याकडे हा फॉस्फरस गटारातून, शेणातून, शेतातल्या खतातून येत असणार, तेव्हा पैसा मोरचुदापेक्षा गटार वळवण्यावर घाला. पाणी आटलं की गाळ काढून शेतात टाका, तिथे तो कामाला येईल. फक्त ओढ्याच्या तोंडाशी पाणकणीस असेल तर साफसफाईच्या नादात ते उपटू नका, त्याच्या मुळांभोवतीचे जिवाणू येणारं पाणी आधीच बरंचसं धुऊन घेतात.