मोजक्या माणसांत, डोंगरात लग्न करायचंय. घरी कसं सांगू?

“आम्हाला गाजावाजा नको. डोंगरात, आठ-दहा माणसांत लग्न करायचंय. घरी सांगितलं तर आईबाबांना सहन होणार नाही, आणि न सांगता केलं तर ते आयुष्यभर बोलणार नाहीत. काय करू?”

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न घेऊन बरीच मुलंमुली माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्यात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या वेळी नाइलाजाने झालेली छोटी लग्नं अनेकांनी पाहिली, आणि काहींना ती मनापासून आवडली. हा प्रश्न तिथून वाढला असावा असं मला वाटतं. उत्तर म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि त्यांच्या परवानगीनेच लिहितेय.

केतकी कोथरूडची, तेजस जयसिंगपूरचा. दोघंही पुण्यात नोकरीला. घरच्यांचा एकमेकांना विरोध नव्हता, साखरपुडा ठरायचा होता. आणि एका रविवारी दोघांनी केतकीच्या आईबाबांसमोर लॅपटॉप उघडून बेत मांडला. मनालीच्या वर एक कॅम्प, देवदारांमधलं मोकळं मैदान, चार मित्र आणि एक फोटोग्राफर. आईवडिलांसाठी व्हिडिओ कॉल. कॅम्पला आगाऊ रक्कमही भरून झाली होती.

आई एवढंच म्हणाली, “म्हणजे पळून जाऊन लग्न.” बाबा काही न बोलता उठले आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. केतकी मला म्हणाली, “सकाळीच पाणी घातलं होतं त्यांनी.”

आईच्या तोंडी आलेल्या त्या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. ‘पळून जाणं’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही डोळ्यांसमोर येतं ते अर्ध्या रात्री घराबाहेर पडलेलं पोर, मागे ठेवलेली चिठ्ठी आणि चार लोकांत खाली गेलेली मान. केतकीच्या पिढीला यात शांतपणा, निसर्ग आणि दोघांपुरता सोहळा दिसतो. आईला दिसली ती चिठ्ठी. दोघींचं भांडण माणसांच्या संख्येवरून चाललंय असं वाटत होतं, पण आई मनातल्या मनात शेजारणींना तोंड देत होती.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मुलांनी आपला निर्णय ठामपणे पण प्रेमाने कसा सांगावा, याच दिशेने मी बोलत राहिले. दोघं सज्ञान, कमावते, लग्न त्यांचं. सगळं बरोबर होतं, आणि त्यातून काहीच हललं नाही. मग मी आईबाबांना भेटायला बोलावलं.

बाबा येताना एक वही घेऊन आले. लाल कापडी बांधणीची, कडा झिजलेली. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, अक्षर छापल्यासारखं. केतकीच्या बारशापासून घरी आलेला आणि घरातून गेलेला प्रत्येक आहेर तिच्यात तारखेनिशी लिहिलेला. अमक्यांच्या मुलाची मुंज, रोख ५१. तमक्यांच्या मुलीचं लग्न, लेमन सेट. कुणाची वास्तुशांत, भिंतीवरचं घड्याळ. त्यांनी मधलंच एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, मला आहेर परत नकोयत. पण या माणसांच्या पंक्तीला मी जेवलोय. केतकीच्या आजारपणात यातले तिघं रात्र रात्र दवाखान्यात बसलेत. त्यांना एकदा माझ्या दारात पोटभर जेवायला वाढायचंय. पुन्हा कधी वाढू? मला दुसरी मुलगी नाही.”

मोठं लग्न म्हणजे निव्वळ हौस आणि दिखावा, असं तरुण मुलं पटकन म्हणतात. कधी कधी ते तसं असतंही, आणि कर्ज काढून केलेल्या मांडवांचे परिणाम मी माझ्या खोलीत पाहिलेत. पण त्या वहीसमोर दिखावा हा शब्द मला उच्चारता आला नसता.

तेजसला मी एकट्याला भेटले. त्याला एकच विचारलं, “कार्यालयातलं लग्न डोळ्यांपुढे आणा. त्यातला कुठला क्षण तुम्हाला सगळ्यात नकोसा वाटतो?” मला वाटलं खर्च म्हणेल, गर्दी म्हणेल. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हळद.”

त्याचे वडील २०२१ मध्ये करोनाने गेले. पुढच्या वर्षी, डिसेंबरमध्ये, बहिणीचं लग्न झालं. हळदीच्या दिवशी आईने स्वतः हळद कालवली, वाटी भरली, आणि कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या दारातून ती जावेच्या हातात दिली. स्वतः उंबऱ्याच्या आतच थांबली. कुणी तिला अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं. “ताईच्या गालाला हळद काकूने लावली. आई दारातून बघत होती. हाताला लागलेली हळद तिने पदराला पुसली, ते मी बघितलं.”

हे घडलं त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, त्यांच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं थांबवायचं असा. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असं आवाहन केलं. देशभर बातमी झाली. तेजसने ती अभिमानाने वाचली होती. सात महिन्यांनी त्याची आई दारात उभी होती.

तर हिमाचल त्याला हवा होता तो यासाठी. काकू, आत्या, मामी, कार्यालय यातलं काहीच नसलं की आईला मागे सारणारं कुणी उरणार नाही. केतकीला यातलं अर्धंमुर्धं माहीत होतं. तिच्या आईबाबांना काहीच माहीत नव्हतं. आणि गंमत बघा, त्या बेतात तेजसची आईसुद्धा नव्हतीच, ती व्हिडिओ कॉलवर होती. दारातून पडद्यावर. हे मी त्याला म्हटलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

असं लग्न करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं. घरी आपण बेत सांगतो, कारण सांगत नाही. जागा, तारीख, माणसं, पैसे यांचा पक्का आराखडा समोर आला की आईवडिलांना त्यात हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि दुखावलेला माणूस नाहीच म्हणतो. कारण सांगितलं की त्यांना काहीतरी करता येतं. ते सांगणं अवघड असतं, कारण त्यात आपलं दुखरं बाहेर येतं. आराखडा दाखवणं त्या मानाने फार सोपं.

पुढच्या भेटीत तेजसने हळदीची गोष्ट केतकीच्या आईबाबांना सांगितली. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. केतकीची आई ऐकून थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जवळजवळ रागानेच म्हणाली, “अहो, मग हळदीची वाटी मीच तुमच्या आईंच्या हातात दिली असती. त्यासाठी मनालीला कशाला जायचं?” बाबांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

त्यानंतरही डोंगर राहिलाच, कारण केतकीला तो खरोखर हवा होता. कॉलेजपासून ती ट्रेकला जाते, तोरण्याच्या माचीवर बसून तिने नोकरी बदलायचे निर्णय घेतलेत. एकाच बेतात दोघांची दोन वेगळी कारणं मिसळलेली होती. ती सुटी झाल्यावर मार्ग सापडायला फार वेळ लागला नाही. हिमालयाऐवजी सह्याद्री. राजगड-तोरण्याच्या परिसरात ओळखीच्यांची शेतघराची जागा, थेट गाडी जाणारी, समोर तोरणा. दोन्ही घरांतली मिळून चौदा माणसं. आणि पंधरा दिवसांनी कोथरूडला बाबांच्या वहीतल्या सगळ्यांना जेवण, त्याचा खर्च आणि बेत पूर्ण बाबांचा. जेवण हा मुलांनी टाकलेला तुकडा होऊ नये म्हणून मी एक अट सुचवली होती. त्या दिवशी दोघांनी पाहुण्यांसारखं खुर्चीत बसायचं नाही, पंक्तीत वाढायचं. दोघांनी ती मनापासून मानली.

व्यवहाराच्या गोष्टी मी सहसा सांगत नाही, पण या बाबतीत सांगते, कारण त्यांच्या अज्ञानातून नंतर मनस्ताप होतो. डोंगरात हार घालून फोटो काढले म्हणजे कायद्याने लग्न होत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे करायचं तर विधी व्हावे लागतात. विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, पुढे ३० दिवस थांबावं लागतं, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस नव्याने द्यायची. आठवड्याची रजा काढून पुण्याहून मनालीला गेलं आणि तिथे नोंदणी केली, असं होत नाही. केतकी-तेजसला हे ठाऊकच नव्हतं. शेवटी त्यांनी थोडक्या विधींचा, मंत्रांचा मराठीत अर्थ सांगत होणारा विवाह निवडला. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने अशी लग्नं अनेक वर्षं होतात, आणि पौरोहित्य करणाऱ्या स्त्रियाही इथे सहज भेटतात. तेजसच्या आईसाठी केतकीने मुद्दाम बाई गुरुजी शोधल्या.

जागेबद्दलही थोडं. गडावर लग्न करायचा मोह अनेकांना होतो. बरेच गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथे परवानगीशिवाय समारंभ करू नये. शिवाय कड्यांना आग्या मोहोळं असतात, धुराने ती उठतात, आणि त्यांचा हल्ला जिवावर बेतू शकतो. जानेवारीपासून गवत वाळलेलं असतं, होमाची ठिणगी पुरते. आणि उंच हिमालयाचा हट्ट असेल तर घरातल्या वयस्कर, रक्तदाबाच्या माणसांना आधी डॉक्टरांकडे न्या. साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगायलाच हवी. जिथे जात किंवा धर्म वेगळा आहे म्हणून मारहाणीची, कोंडून घालण्याची, जिवाची भीती आहे, तिथे वर लिहिलेलं काहीही लागू नाही. तिथे घरी बसून कारण समजावत राहू नका. आधी सुरक्षित व्हा. ११२ वर पोलिसांची मदत मिळते. अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचे, जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारायचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात दिलेत. वकील गाठा, विश्वासाचं एक तरी माणूस सोबत ठेवा. त्या मुलामुलींनी गुपचूप लग्न केलं तर त्यात लपवाछपवीचा दोष मी कधीच देणार नाही.

केतकी-तेजसचं लग्न जानेवारीत झालं. मी नव्हते, केतकीने नंतर येऊन सांगितलं. डोंगरावरून वारा सुटला होता आणि अंतरपाट काही केल्या स्थिर राहीना. एक टोक केतकीच्या बाबांनी धरलं होतं, दुसरं तेजसच्या आईने. त्याआधी हळदीच्या वेळी सवयीने त्या मागे, पडवीच्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. केतकीची आई वाटी घेऊन तिथपर्यंत गेली. त्या म्हणाल्या, “नगं वो, तुम्हीच लावा. माझं काय, पोराचं चांगलं झालं म्हंजे झालं.” केतकीची आई वाटी पुढे धरून तशीच उभी राहिली. शेवटी तेजसच खांबापाशी आला आणि तिथेच खाली बसला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. केतकीची मावशी चौदा जणांत नव्हती. कोथरूडच्या जेवणालाही ती आली नाही, आणि सख्ख्या बहिणीशी अजून बोलत नाही. केतकीच्या आईला ते फार लागलंय. आता दर दुसऱ्या गुरुवारी ती एकटी माझ्याकडे येते. परवा तिने बहिणीला फोन लावला होता. दोनदा पूर्ण रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुढच्या आठवड्यात ती भाच्याच्या वाढदिवसाला जाणार आहे, न बोलावता.