धनुष्याला बाक राहिलाय, शेकून निघेल का?

प्रश्न : धामणीच्या लाकडाचं साडेपाच फुटी धनुष्य आहे. दोरी उतरवली तरी टोकं अडीच इंच आपल्याकडे वाकलेली राहतात. उपाय? (एक वाचक, धारणी, जि. अमरावती)

उत्तर : आधी पोट, म्हणजे नेम धरताना आपल्याकडे असणारी बाजू, उजेडात तपासा. आडव्या बारीक सुरकुत्या असतील तर तंतू चुरडलेत. ते शेकून जुळत नाहीत. नसतील तर बाक बराच कमी होईल. लाकूड मात्र पक्कं वाळलेलं हवं. ओल्याला चिरा पडतात, म्हणून पावसाळ्यात हे काम काढूच नका.

पोट वर करून धनुष्य जाड फळीवर ठेवा, मुठीखाली इंचभर ठोकळा द्या आणि लाकूड तापेल तशी टोकं हळूहळू फळीकडे आवळा. हीट गन चार बोटं वर धरून वीत-वीत भाग शेका. रंग गडद बदामी झाला की पुढे सरका. घाई केली तर वरून करपतं, आत आच पोहोचत नाही. पाठीला हात लावत राहा. चटका बसता कामा नये. शेकलेलं पोट कडक होऊन दाब सोसतं, पण पाठीवर ताण येतो आणि ती कडक झाली की तुटते.

रात्रभर फळीवरच निवू द्या. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा, दोरी चढवू नका. आचेने उडालेला ओलावा परत मुरला नाही, तर पहिल्याच ओढीला मोडेल. जोर वाढलेला असेल. दोन्ही भुजा सारख्या वाकतात का बघा. कमीजास्त असेल तर कडा तासा, पोट नको, शेकलेला थर तिथेच असतो. काम झालं की दोरी लगेच उतरवत चला.