धुळीने झाकलेल्या दीर्घिकांमधील मूलद्रव्ये मोजायला अवरक्त प्रकाशच कशाला हवा? दृश्य प्रकाशात धुळीची दुरुस्ती करून भागत नाही का?

भागत नाही. सांगलीत एम.एस्सी.च्या परिसंवादात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला हेच विचारले होते आणि माझे उत्तर अर्धे असतानाच "हायड्रोजनच्या रेषांवरून दुरुस्ती होते, पुढे चला" असे म्हणून विषय संपवला होता. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरांचा मुद्दा वरवर बिनतोड होता. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि तांबडा कमी, त्यामुळे हायड्रोजनच्या वर्णपटातील एच-आल्फा (तांबडी) आणि एच-बीटा (निळसर) या रेषांच्या तेजाचे गुणोत्तर, जे एरवी सुमारे २.८६ असते, ते वाढते आणि त्या वाढीवरून किती प्रकाश अडला याचा हिशेब मांडता येतो. परंतु हा हिशेब बाहेर पोहोचलेल्या प्रकाशावरच चालतो. ज्या गाभ्यातून दृश्य प्रकाश जवळजवळ निघतच नाही, त्याची नोंद या गुणोत्तरात होणार कशी? मार्केट यार्डात पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या हळकुंडांवरून कोणी सौदा करत नाही, एवढे मी बोललो. वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. या धुळकट दीर्घिका ऑक्सिजनने गरीबच आहेत, दोन दीर्घिकांच्या टकरीच्या वेळी बाहेरचा वायू आत येऊन मिसळल्यामुळे तसे होते, असे छापून आलेले स्पष्टीकरण त्यांनी ऐकवले.

दूर-अवरक्तात, म्हणजे लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या ५२ व ८८ मायक्रॉनच्या रेषा आणि तशाच नायट्रोजनची ५७ मायक्रॉनची रेषा धुळीतून बऱ्याच अंशी सुखरूप बाहेर येतात. त्या उमटायला इतकी थोडी ऊर्जा लागते की वायूचे तापमान आठ हजार अंश आहे की बारा हजार, याने फारसे बिघडत नाही. ऑक्सिजनच्या दोन रेषांच्या गुणोत्तरावरून घनता कळते, आणि नायट्रोजनची त्यांच्याशी तुलना केली की मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा अंदाज येतो. वातावरणातील बाष्प हा प्रकाश शोषते, म्हणून २००९ ते २०१३ या काळात अवकाशातील हर्शेल दुर्बिणीने आणि पुढे सोफिया या विमानातल्या दुर्बिणीने ही कामे केली. याच दोन्ही दुर्बिणींच्या मापनांवर आधारलेला, २०२२ साली 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त आलेला शोधनिबंध वाचावा: अतितेजस्वी अवरक्त दीर्घिका, म्हणजे याच धुळकट दीर्घिका, ऑक्सिजनसारख्या मूलद्रव्यांनी इतर दीर्घिकांइतक्याच समृद्ध निघाल्या, आणि बाहेरचा वायू मिसळल्याचे स्पष्टीकरण अनावश्यक ठरले.

नायट्रोजनवरून ऑक्सिजन काढताना दोघांच्या प्रमाणातील नाते गृहीत धरावे लागते, हे मान्य केले पाहिजे. आणि आर्प २२० सारख्या दीर्घिकेच्या गाभ्यात ५२ मायक्रॉनचा प्रकाशही अडतो. तरीही कोणी तुम्हाला दृश्य प्रकाशातील आकड्यांचा तक्ता दाखवून गप्प बसवू लागले, तर त्यातील किती प्रकाश गाभ्यातून आला आहे, एवढे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.